इटालियन राणी, हिमाचलची राणी की घाटातलीच सातेरी?

वरंधकर

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे आमचं गाव. घरी सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, डझनभर पेट्या आहेत. बहुतेक वसाहती वडिलांनी झाडाच्या ढोलीतून आणि जुन्या भिंतीतून काढून पेटीत वसवलेल्या. जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर पेटीमागे सात-आठ किलो मध निघतो. पावसाळ्यात दोन-तीन पेट्या उठून जातात (माश्या पेटी सोडून जातात) ते जातातच.

यंदा दोन जण मागे लागलेत. एक व्यापारी म्हणतो, मेलिफेरा, म्हणजे परदेशी इटालियन माशी घ्या, तिप्पट-चौपट मध. पेट्या नको असतील तर नुसती इटालियन राणी घ्या, तुमच्याच सातेरीच्या पेटीत सोडा, "संकरित" माश्या तयार होतील. दुसरा ओळखीतला माणूस हिमाचलातून सातेरीच्याच राण्या मागवतोय. त्या अंगाने मोठ्या, मध जास्त देतात म्हणे.

वडिलांचा दोन्हीला ठाम नकार, पण कारण विचारलं तर "आपलं ते आपलं" एवढंच. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

बांधावरचा

मेलिफेराच घ्या. मी सोलापूरकडचा, मेलिफेराच्या पेट्या घेऊन फिरतो. नोव्हेंबरात तूर, मग राजस्थानात मोहरी, परत येताना कांद्याचं बी आणि सूर्यफूल. पेटीमागे वर्षाला पंचवीस-तीस किलो धरा, वर बीजोत्पादनवाले परागीभवनासाठी पेटीचं भाडं देतात ते वेगळं. राणी हंगामात दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते, सातेरीची त्याच्या निम्म्यालाही कशीबशी पोचते. सातेरी म्हणजे जरा धूर जास्त झाला, मुंगी लागली, उन्हात पेटी राहिली की निघाली. त्या भरवशावर घर चालत नाही. सरळ बोलतो, राग नसावा.

जावळीकर आबा

राग कशाला. पण बांधावरच्यांनी त्यांचा रस्ताच सांगितलाय, तो नीट वाचा. तूर, मोहरी, कांदा, सूर्यफूल. यात जून ते सप्टेंबर घाटमाथा कुठंय?

आमच्याकडे पाऊस लागला की तीन-साडेतीन महिने माशीला धड बाहेर पडता येत नाही. धुकं, वारा, झड. सातेरीची राणी त्या दिवसांत अंडी घालणं कमी करते, वसाहत आक्रसून चार फडांवर (पोळ्यांवर) येते, आणि आहे त्यात भागवते. मध्येच तासभर उघडीप मिळाली की कामकरी बाहेर. थंडीतही सकाळी ती मेलिफेराच्या आधी कामाला लागते. इटालियन माशीला आवरतं घेणं माहीत नाही. फुलोरा असो-नसो, राणी अंडी घालत राहते आणि तेवढी तोंडं पोसायची म्हणजे साखरेचा पाक. मेलिफेरा घाटात ठेवायची तर पावसाआधी खाली न्यायची, नाहीतर साखरेची पोती आणून ठेवायची.

वरंधकर, तुम्ही पेट्या ट्रकात घालून राजस्थानला जाणार आहात का? जाणार असाल तर मेलिफेरा घ्या, उत्तम माशी आहे. घराच्या मागच्या पडवीत ठेवून जांभूळ-हिरड्यावर जगणार असाल तर वडिलांचं ऐका.

टवाळखोर

मला एकच शंका. राणी कुरिअरने येते?? डिलिव्हरीवाल्याला चावली तर सरकारी सुट्टी मिळते का?

षट्पदी

@टवाळखोर, येते. आगपेटीएवढ्या पिंजऱ्यात राणी, सोबत पाच-सहा दासी आणि पिठीसाखर-मधाचा घट्ट गोळा. राणीची नांगी माणसासाठी नसतेच, ती दुसऱ्या राणीसाठी असते. दासींचं सांगता येत नाही.

@वरंधकर, मी कीटकशास्त्र शिकवते. तुमच्या धाग्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेत, ते आधी सोडवू.

पहिला: सातेरी आणि इटालियन या दोन "जाती" नाहीत, दोन प्रजाती आहेत. सातेरी म्हणजे एपिस सेराना. इटालियन ही एपिस मेलिफेराची एक उपजाती, लिगस्टिका. त्यामुळे व्यापाऱ्याचा "संकर" ही शुद्ध थाप आहे. सातेरीच्या नराचं वीर्य मेलिफेराच्या राणीत गेलं तरी त्यातून फळलेली अंडी जगत नाहीत. सातेरीच्या पेटीत मेलिफेराची राणी सोडणं मात्र खरंच शक्य आहे, आणि आपल्या देशात मेलिफेरा अशीच रुजली. एकोणिसाव्या शतकापासून ती इथे आणायचे प्रयत्न फसत होते. १९६२ ते ६४ या काळात कांगड्यातल्या नगरोटा बगवानला पंजाब कृषी विद्यापीठाच्या अटवाल आणि सहकाऱ्यांनी सातेरीच्या वसाहतीत मेलिफेराच्या राण्या सोडल्या आणि ते जमलं. पण त्यात काय होतं बघा. राणी मेलिफेराची म्हणून पिल्लं मेलिफेराची. जुन्या सातेरी कामकरी माश्या वय होऊन मरतात. दोन-तीन महिन्यांत पेटीत एकही सातेरी उरत नाही. तुम्ही सातेरी सुधारलेली नसते, संपवलेली असते. शिवाय मेलिफेराची पोळ्यातली घरं मोठी, तुमच्या सातेरीच्या पेटीत तिला दाटी होणार. तिला मोठी लँगस्ट्रॉथ पेटी लागते आणि मेणपत्राही (पोळं बांधायला दिलेला मेणाचा पत्रा) वेगळा.

दुसरा प्रश्न, हिमाचलच्या राण्यांचा, जास्त नाजूक आहे. तो खरा वाणाचा प्रश्न. संध्याकाळी लिहिते.

कुडाळची

आमच्याकडे काजूच्या मोहोरावर बाहेरून मेलिफेराच्या पेट्या येतात. मोहोर संपला की नेणाऱ्याला दोन दिवस उशीर झाला तरी त्या माश्या आमच्या सातेरीच्या पेट्या लुटायला येतात. दारात मारामारी, तळपाटावर मेलेल्या माश्यांचा सडा. पेटीचं दार एका माशीपुरतं बारीक करून ठेवावं लागतं. ज्यांना दोन्ही एकत्र ठेवायच्यात त्यांनी हे लक्षात घ्या.

बांधावरचा

@कुडाळची, ती चूक माशीची नाही, पालकाची आहे. उपाशी ठेवलेली कुठलीही वसाहत लुटतेच. सातेरीही सातेरीला लुटते.

@षट्पदी, संकराबद्दल बरोबर बोललात, तो व्यापारी फसवतोय. पण मेलिफेरा आली म्हणून आज देशात मध निर्यात होतो हेही लिहा की. पंजाब, हरियाणा, बिहारमधली लिची, सगळं तिच्यावर उभं आहे. "परदेशी" म्हणून नाक मुरडायचं तर टोमॅटो, मिरची, बटाटाही सोडा.

षट्पदी

नाक मुरडत नाही. आबांनी म्हटलं तेच म्हणते, सपाटीवर आणि फिरतीवर मेलिफेराला तोड नाही.

पण रोगाचा हिशेब मांडा. व्हरोआ हा गोचिडासारखा परजीवी मूळचा सातेरीचाच. हजारो वर्षं एकत्र राहिल्याने सातेरीने त्याला आवरायचं शिकून घेतलंय. माश्या एकमेकींच्या अंगावरून तो खरडून काढतात. तो वाढतो फक्त नरांच्या घरात, आणि फार लागण झालेल्या नराचं घर कामकरी उघडतच नाहीत. आत नरासकट तोही गाडला जातो. मेलिफेराकडे ही विद्या नव्हती. तो तिच्या कामकऱ्यांच्या घरातही वाढतो आणि औषध न केल्यास वसाहत संपवतो. आग्या माशीवरून आलेला ट्रोपिलिलॅप्सही तसाच. म्हणून तुम्हाला फॉर्मिक ॲसिड, गंधकाची पूड, पट्ट्या हे सगळं वेळापत्रक सांभाळावं लागतं. सातेरीवाल्याचा तो खर्च नाही.

सातेरीची दुखरी बाजू वेगळी: थाई सॅकब्रूड विषाणू. १९७६ मध्ये तो थायलंडमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. १९९१-९२ मध्ये केरळ-कर्नाटकात त्याने सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. पिल्लू कोषात जाण्याआधीच मरतं, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं दिसतं, चिमट्याने ओढलं तर अख्खं बाहेर येतं. लोकांनी पेट्या जाळल्या, कित्येकांनी धंदा सोडला. मेलिफेरा आणि रबराच्या पानांवरचा मध हे केरळात मोठं झालं ते त्यानंतर.

आता हिमाचलच्या राणीकडे येऊ. हा रोग मेलिफेराचा नाही, सातेरीचाच. म्हणजे सातेरीला सगळ्यात मोठा धोका लांबून आलेल्या सातेरीकडूनच. मेलिफेराचा रोग तिला लागेलच असं नाही, पण हिमाचलची राणी आणि तिच्या दासी जे घेऊन येतील ते थेट लागू पडेल.

जावळीकर आबा

बरोबर बोलली पोर. आणि रोग नसला तरी. हिमाचलची माशी मोठी असते, काश्मीरची त्याहून मोठी, हे खरंय. काश्मीरचे लोक सातेरीकडून मेलिफेराच्या जवळपास मध काढतात. पण ती माशी तिथल्या थंडीला बनलेली. हिवाळाभर गप्प बसायचं आणि वसंतात एकदम उसळायचं, असं तिचं घड्याळ. आपल्याकडे पाऊस सरताना कारवी असली तर कारवी, हिवाळ्यात पिसा, फेब्रुवारी संपताना जांभळाची तयारी. इथं गप्प बसायची वेळ पावसात. घड्याळच उलटं. मोठी माशी म्हणून मध जास्त, असं नसतं. मधाच्या वेळेला पेटी भरलेली पाहिजे.

केंटकर

लंडनच्या दक्षिणेला राहतो, मागच्या अंगणात दोन पेट्या आहेत, अर्थात मेलिफेरा. धागा वाचून गंमत वाटली कारण इथल्या मधपाळ मंडळात दर महिन्याला हेच भांडण असतं, फक्त इथे दोन्ही बाजू मेलिफेराच्याच.

इथली मूळची काळी माशी. १९०६ च्या सुमारास आइल ऑफ वाइट बेटावरून साथ सुरू झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशभर वसाहती मेल्या. मग इटली, हॉलंड, कुठूनकुठून माश्या आणल्या. डेव्हनमधल्या बकफास्ट मठात ब्रदर ॲडम नावाच्या साधूने वाचलेल्या माश्या आणि इटालियन यांच्या संकरातून सुरुवात केली आणि आयुष्यभर देशोदेशीच्या राण्या आणून "बकफास्ट" माशी घडवली. शांत, भरपूर मध. म्हणजे बाहेरची राणी नेहमीच वाईट, असं कोणी म्हणू नये. पण त्याने नव्या राण्यांचं मीलन डार्टमूरच्या ओसाड माळावर करवून घेतलं, जिथे दुसऱ्या कोणाचे नर नव्हते. ते सोडून नुसती राणी आणली की काय होतं ते मी दरवर्षी बघतो. लोक वसंतात इटालियन किंवा बकफास्ट राणी विकत घेतात. पहिलं वर्ष छान. दुसऱ्या पिढीत तिच्या मुली शेजारच्या काळ्या-करड्या नरांशी जुळतात आणि पेटी अशी चिडकी होते की बागेत कपडे वाळत घालता येत नाहीत. मग पुन्हा राणी विकत.

युरोपात यावर एक मोठा प्रयोग झाला. ११ देशांत २१ ठिकाणी ६०० हून अधिक वसाहती ठेवल्या, १६ वेगवेगळ्या मूळच्या राण्यांच्या, आणि व्हरोआचं औषध न करता किती तगतात ते पाहिलं. त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वसाहती बाहेरच्यांपेक्षा सरासरी ८३ दिवस जास्त जगल्या. कुठला एक वाण सगळीकडे सरस ठरला नाही.

स्लोव्हेनियाने तर फक्त त्यांची करडी कार्निओलन माशीच ठेवायची, दुसरी आणायची नाही, असा कायदाच केलाय. स्कॉटलंडच्या कोलोन्से बेटावरही काळ्या माशीसाठी २०१४ पासून तसंच.

बांधावरचा

८३ दिवस औषध न करता. औषध करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आमच्याकडे कोणी व्हरोआला मोकळं सोडत नाही.

आणि बाहेरची राणी म्हणजे नुकसान, असं असेल तर ब्राझील घ्या. १९५६ मध्ये वॉरविक केर यांनी आफ्रिकेतल्या राण्या आणल्या, पुढच्या वर्षी रिओ क्लारोजवळून २६ वसाहती निसटल्या. जगभर बोंब झाली, "किलर बी". आज ब्राझीलचे मधपाळ त्याच माशीवर जगतात, कारण ती तिथल्या उष्णतेत युरोपियनपेक्षा चांगली चालते आणि व्हरोआलाही जुमानत नाही.

षट्पदी

तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय! ब्राझीलमध्ये हरली ती युरोपातून आणलेली माशी, आणि जिंकली ती उष्ण प्रदेशातली. आणि ती जिंकताना कोणी विचारलं नाही. ती १९९० मध्ये टेक्सासला पोचली तेव्हा तिथल्या मधपाळांनी काही राण्या मागवल्या नव्हत्या.

मला हाच मुद्दा वरंधकरांना सांगायचाय. राणी एकदा उमलली की आठवड्याभरात उडत जाऊन हवेत दहा-वीस किंवा त्याहून जास्त नरांशी जुळते आणि ते वीर्य आयुष्यभर साठवते. म्हणजे तुम्ही हजार रुपये देऊन आणलेल्या राणीच्या मुली राण्या झाल्या की गावच्या नरांशी जुळणार. तिच्या नाती निम्म्या गावच्या. दोन वर्षांत तुमचा पैसा गावच्या हवेत विरघळला.

पण नर फलित नसलेल्या अंड्यातून होतात. त्यांना बाप नसतो. तुमच्या राणीचे सगळे नर निव्वळ तिचाच वारसा घेऊन उडतात आणि दोन-चार किलोमीटरमधल्या कोणाच्याही राणीशी जुळतात. ढोलीतल्या रानटी वसाहतीशीसुद्धा. हिमाचलची राणी तुम्ही तुमच्या पेटीत ठेवता, पण तिचे नर शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाच्या पेटीत जातात, त्याला न विचारता. त्याची पुढच्या पावसाळ्यात संपलेली पेटी कोणामुळे संपली हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणून राणी आणणं ही खासगी खरेदी नाही असं मी म्हणते. मेलिफेराचा हा प्रश्न निदान नाही, ती वेगळी प्रजाती, तिचा वारसा सातेरीत मिसळत नाही. हिमाचलची सातेरी मिसळते.

टवाळखोर

नराला बाप नसतो?? हे ऑफिसात सांगायला हवं. पण आजोबा असतो, बरोबर?

षट्पदी

आईकडचा, हो. :)

वरंधकर

सगळ्यांचे आभार. हिमाचलचा नाद सोडला. पण मग एक सांगा. बाहेरची नको तर आमच्या डझनभर पेट्यांतच राणी बदलत राहिलो तर घरातल्या घरात लग्नं लावल्यासारखं होणार नाही का? गेल्या वर्षी एका पेटीत पिल्लांचा फड भोकाभोकांचा दिसत होता. आणि सातेरीची राणी घरी तयार कशी करायची?

षट्पदी

शंका रास्त आहे. फार जवळच्या नात्यात मीलन झालं की फलित अंड्यातूनही नर तयार होतात. कामकरी ती पिल्लं लगेच खाऊन टाकतात, म्हणून फड भोकाभोकांचा दिसतो. (तसाच फड सॅकब्रूडनेही होतो, आधी ते तपासा.) पण तुमच्या भोवती जंगल आहे, ढोल्यांत रानटी वसाहती आहेत, त्यांचे नर आहेत. जंगल तुटलेल्या ठिकाणी ही भीती जास्त. उपाय म्हणजे लगतच्या खोऱ्यातून, त्याच पावसातल्या, त्याच फुलोऱ्यातल्या वसाहतीची अदलाबदल. महाड किंवा वेल्ह्याकडून आणा, हिमाचलातून नको. बाकी आबा सांगतील, मी सातेरीच्या राण्या फक्त प्रयोगशाळेत केल्यात.

जावळीकर आबा

राण्या करण्याचं मोठं शास्त्र लागत नाही. फुटणारी (विभागून नवी वसाहत करू पाहणारी) पेटी स्वतःच करते, आपण फक्त निवड करायची.

निवड कशावर? मधावर नको आधी. जागा न सोडता पावसाळा काढलेली पेटी. सप्टेंबर संपताना ज्या पेटीत साखर न घालता चार-पाच फड भरून माशी आहे, मेणकिडा नाही, पिल्लं सलग, ती बाजूला काढा. तिच्यावर खूण करा. उठून जाणाऱ्या पेटीची राणी कधी वाढवायची नाही, कितीही मध देऊ दे.

पाऊस संपून फुलं वाढली की पेट्या भरायला लागतात. नर दिसायला लागतात. नरांच्या घरांवरच्या टोपणाला मधोमध टाचणीएवढं भोक असतं सातेरीत, ते दिसलं म्हणजे नर तयार होतायत. त्याआधी राणी केली तर जुळणार कोणाशी? मग फडाच्या खालच्या कडेला राणीची घरं लोंबायला लागतात. त्यांची टोपणं मेणाने बंद झाली की जुनी राणी दोन-तीन फडांसकट, भरपूर माशी आणि मधासकट, नव्या पेटीत थोडी लांब न्यायची. जुन्या जागेवर घरं ठेवायची. लांब, सरळ, खरबरीत अशी दोनच घरं ठेवा, बाकी कापून दुसऱ्या विभाजनाला चिकटवा. घर बंद झाल्यापासून आठेक दिवसांत राणी उमलते. त्यानंतर दोन आठवडे पेटीला हात लावायचा नाही. लोकांना हेच जमत नाही. रोज झाकण काढून बघतात, राणी मीलनाहून परत येते आणि पेटी विस्कटलेली. दोन-अडीच आठवड्यांनी एका घरात एक अंडं, तळाला उभं, दिसलं की झालं. एका घरात दोन-तीन अंडी, भिंतीला लागलेली, म्हणजे राणी हरवली आणि कामकरी अंडी घालतायत. सातेरीत ते फार लवकर होतं. त्या माश्या दुसऱ्या पेटीत मिसळून टाका.

महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शिकायला मिळतं, जाऊन या. मांघरलाही जा, देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून २०२२ ला जाहीर झालं ते. तिथे घरोघर पेट्या दिसतील.

कुडाळची

आबा, खुणेची पेटी उन्हाळ्यात डंख फार मारत असेल तरी तिचीच राणी करायची का? आमच्याकडे एक पेटी आहे, पावसात हलत नाही पण जवळ जाऊ देत नाही.

जावळीकर आबा

आधी पेटीची जागा बदला. गांधीलमाशी येत असेल, खालून मुंग्या असतील, दुपारचं ऊन असेल तर कुठलीही चिडते. सावलीत नेऊन महिना बघा. तरीही तशीच राहिली तर तिची राणी वाढवू नका, घरात पोरंबाळं असतात. पण काढूनही टाकू नका. नर तिचे उडू देत.

वरंधकर

वडिलांना धागा मोठ्याने वाचून दाखवला. नराला बाप नसतो यावर त्यांचा विश्वास नाही. बाकी सगळं मान्य आहे, फक्त "हे मी आधीच सांगितलं होतं" असं म्हणतायत.

खुणेच्या तीन पेट्या ठरवल्यात. वेल्ह्याला आत्याकडे सातेरी आहे, तिथून एक वसाहत विभाजनावर मिळेल का विचारतो. बांधावरच्या दादांना एक विनंती: आमच्या मामांची फलटणला डाळिंबाची बाग आहे. तिथे बहराच्या वेळी तुमच्या मेलिफेराच्या पेट्या भाड्याने मिळतील का? किती लागतील एकराला?

बांधावरचा

मिळतील की. एकराला दोन-तीन पेट्या पुरतात. बहर किती फुटला ते कळवा, पाच-दहा टक्के फूल उमललं की आणतो, आधी आणून उपयोग नाही, माशी शेजारच्या रानात जाते. एकच अट, पेट्या असेपर्यंत मामांनी दिवसा फवारणी करायची नाही. करायचीच असेल तर आदल्या दिवशी फोन.

आणि सातेरी ठेवा तुम्ही घाटात. मला तिथला जांभळाचा मध दोन किलो पाहिजे, पैसे देईन.

टवाळखोर

मलाही. कुरिअरने.